ओटीपोटाचं दुखणं आणि पदरातली पुडी

कामरगावहून बोलते. बचत गटाच्या मीटिंगमध्ये हप्त्यांचा हिशोब होतो, सह्या होतात, आणि उठताउठता एखादी बाई हळूच म्हणते, "ताई, लय दिवसाचं ओटीपोट दुखते, पण सांगावं कोणाले?" औषध काय घेता विचारलं, की पदराच्या गाठीतून पुडी निघते. बाजारातल्या जडीबुटीवाल्याची.

हे दुखणं एकटीचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचा एक तरी आजार निघाला, आणि त्याआधी तपासून उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त ८.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. राणीताईंनीच बाया आणि झाडांच्या नात्यावर 'गोईण' हे पुस्तक लिहिलं. चीनमध्येही अशा दुखण्यावर मुळ्यांचे काढे पिढ्यान्पिढ्या देतात. पण एक गोष्ट ऐका. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायला बायांना चिनी मुळ्यांची औषधं दिली. एका मुळीच्या जागी सारख्या नावाची दुसरीच आली, आणि कित्येकींच्या किडन्या निकामी झाल्या. त्या मुळीच्या कुळातली वेल आपल्याकडेही आहे, सापसण. ईश्वरीही म्हणतात. पाळी आणायला तिचं मूळ देत आलेत. कुटलेल्या पुडीत ती आहे की नाही, हे नुसतं पाहून कोण सांगणार?

सहा महिन्यांच्या वर दुखत असेल तर कारण शोधावंच लागतं. पिशवी-नळ्यांना जंतूसंसर्ग, गाठी, पिशवीचं अस्तर बाहेर वाढणं, नळ्यांचा टीबी, लघवीचा किंवा आतड्याचा त्रास, कधी नुसते स्नायू. टीबीला शतावरी काय करणार? त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जंतूसंसर्गात पुष्कळदा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच येते. आशाताईंना बोलू द्या, त्यांचं घरात ऐकतात.

दुसरं टोक म्हणजे, "पिशवीच काढून टाका." बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं ते आठवा. सोनोग्राफीशिवाय, दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पिशवी काढूनही दुखणं राहिलेल्या बाया असतात. सोनोग्राफीला पैसे कमी पडले तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. बी-बियाण्याला घेतो, तसंच हे.

पाळी चुकून पोटात जोराची कळ आली, तापासोबत दुखलं, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर त्याच दिवशी निघा.

जाताना पाळीची तारीख आणि कोणत्या दिवसांत जास्त दुखतं ते लिहून न्या. आणि ती पुडीही न्या. डॉक्टर रागावले तरी दाखवा.