पोटाचे दुखणे आणि मनाचा दोष
(वरठी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी पोटाच्या तक्रारींविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दुखण्याची लाज वाटते तेच घराघरांत लपून राहते. मी ते बारा वर्षे भोगले आहे. भंडारा रोडच्या फलाटावर गाडी येताना दिसली की माझ्या पोटात मुरडा उठावयाचा. तपासण्यांत दोष सापडेना, तेव्हा आप्तेष्ट म्हणू लागले, “हे सारे मनाचे खेळ!”

हा निवाडा अर्धवट आहे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते. व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून त्याचे मेंदूशी दळणवळण चालते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. चिंतेने आतड्याची गती बिघडते आणि बिघडलेले आतडे मनास अस्वस्थ करते. रोगी ढोंगी नसतो.

या व्यवहारात आतड्यांतील जंतूंचाही वाटा असावा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला व मेगास्फेरा हे जंतू विपुल असल्याचे २०१६ साली दिसून आले. परदेशातील निष्कर्ष आपणांस जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, हा त्यातील बोध होय.

तथापि उतावीळ होऊ नये. २०११ साली एका जातीचे लॅक्टोबॅसिलस जंतू दिलेल्या उंदरांची भीती कमी झाली; व्हेगस तंतू कापलेल्या उंदरांत मात्र तो गुण दिसला नाही. २०१७ साली तेच जंतू निरोगी पुरुषांना दिले असता लाभ आढळला नाही. ‘प्रोबायोटिक’ औषधांविषयी तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांनी २०२० साली या विकारात ती संशोधनापुरतीच द्यावीत असे म्हटले. ब्रिटिश तज्ज्ञांनी २०२१ साली बारा आठवड्यांपर्यंत घेऊन पाहावीत व गुण न आल्यास सोडावीत असे सुचविले. घरचे ताक आणि आंबील अवश्य घ्यावी. त्यांस औषध मात्र समजू नये.

मला स्वतःला नियमित जेवण, पुरेशी झोप आणि मनमोकळे बोलणे यांनी उतार पडला. तो सर्वांस पडेलच असे नाही. शौचावाटे रक्त जाणे, अकारण वजन घटणे, पंडुरोग, झोपमोड करणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला बदल ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे.

घरातील सून अथवा विद्यार्थी पोटाची तक्रार सांगेल तेव्हा ‘ढोंग’ हा शब्द कोणी उच्चारू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.