निरोप पोचला का?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं, असं आयोजकांनी बजावलं आहे. माझं काम म्हणजे विमान कंपनीच्या मालविभागातली सुरक्षा. सहारला तीस वर्षं तेच केलं. ज्यांची मुलं परदेशी आहेत ते भेटले की पहिल्यांदा माझ्यावर चिडतात. पाण्याची बाटली का टाकायला लावली, लोणच्याची बरणी का काढली, जणू हे नियम मीच घरी बसून लिहितो! बाटलीचं उत्तर सोपं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं पेयाच्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटकं भरून उडवायचा कट उघडकीला आला. तेव्हापासून शंभर मिलिलिटर. पण तो कट विमानतळावरच्या यंत्राने पकडला नव्हता. पोलीस आणि गुप्तचर त्या मुलांच्या मागावर आधीपासून होते. मला आज बोलायचंय ते याबद्दलच.

कनिष्क पडलं तेव्हा मी अजून नोकरीला लागलो नव्हतो. लागलो तेव्हा मात्र आमच्या खात्यात दुसरा विषयच नसे. २३ जून १९८५. एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येत होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर असताना सामानातल्या बॉम्बने ते फुटलं. ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी एक बॅग फुटली आणि दोन लोडर मेले. ती बॅगही एअर इंडियाच्याच विमानात चढायची होती. दोन्ही बॅगा निघाल्या कॅनडातल्या व्हँकुव्हरहून, आणि दोन्हींबरोबर प्रवासी नव्हता.

तपासात पुढे आलेली हकिगत अशी. व्हँकुव्हरच्या काउंटरवर एक माणूस हट्टाला पेटला होता, की माझी बॅग थेट दिल्लीपर्यंत टॅग करा. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, म्हणून काउंटरवरची मुलगी आधी नाही म्हणाली. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. शेवटी तिने टॅग लावला. टोरंटोला सामानाचं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या छोट्या उपकरणाने तपासून पुढे गेल्या.

वाचताना आपल्याला त्या मुलीचा राग येतो. मलाही आला होता. पण पुढचं ऐका. १ जूनलाच एअर इंडियाच्या मुंबईच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी जगभरच्या आपल्या कार्यालयांना टेलेक्स पाठवून सावध केलं होतं, की नोंदणी केलेल्या सामानातून वेळ लावलेला बॉम्ब येऊ शकतो. तो टेलेक्स कॅनडाच्या पोलिसांपर्यंत पोचला. त्यांनी तो तिथल्या गुप्तचर संस्थेला दिलाच नाही. त्याच दिवसांत गुप्तचर संस्थेची माणसं संशयितांच्या पाठीवर होती. ४ जूनला जंगलात मोठा आवाज त्यांनी कानांनी ऐकला, तो बंदुकीचा समजून सोडून दिला. म्हणजे एकाच्या खिशात अर्धी चिठ्ठी, दुसऱ्याच्या खिशात उरलेली अर्धी. आणि काउंटरवरच्या मुलीला? तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. रांग मात्र तिच्यासमोर होती.

गंमत म्हणावी की दुःख, विमान पडल्यावर सगळं जग एकत्र आलं. आयर्लंडच्या नौदलाने मृतदेह काढले. ब्लॅक बॉक्स समुद्राच्या तळाशी दोन किलोमीटर खोल होते. ते वर काढले टेलिफोनच्या केबली टाकणाऱ्या एका फ्रेंच जहाजावरच्या यांत्रिक हाताने, आणि वाचायला आणले आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. नारिताला जपानी पोलिसांनी ढिगाऱ्यातले तुकडे चाळणीने चाळावे तसे गोळा केले. त्यात एका सान्यो ट्यूनरचे तुकडे निघाले. मॉडेल ओळखलं, कंपनीच्या नोंदी पाहिल्या, आणि माग कॅनडातल्या डंकन नावाच्या लहानशा गावातल्या दुकानापर्यंत पोचला. त्यावरून एकाला १९९१ मध्ये शिक्षा झाली. कारखान्याच्या वह्या आणि पोलीस एकत्र बसले तर काय होतं ते यात दिसतं. फक्त बसले ते उशिरा.

आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो १९८७ साली स्वतंत्र खातं झाला तो या धक्क्यानंतर. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी विमानात चढण्याआधी धावपट्टीच्या बाजूला उन्हात उभं राहून आपापली बॅग बोटाने दाखवावी लागायची. आमचे लोडर तुमच्या शिव्या खात ते काम करत. आता यंत्र जुळवणी करतं. तरी आजही प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात आणि तुमचं विमान अर्धा तास लटकतं.

आता दुसरी गोष्ट, २०१० ची. ऑक्टोबरच्या अखेरीस सौदी गुप्तचरांनी कळवलं, की येमेनहून अमेरिकेला निघालेल्या दोन पार्सलांत बॉम्ब आहेत. नुसतं 'सावध राहा' नाही, पार्सलांचे ट्रॅकिंग नंबर दिले. कुरियर कंपन्यांना आपलं पार्सल या घडीला कुठे आहे ते ठाऊक असतं. एक दुबईत सापडलं. तिथे ते प्रवासी विमानांतून आलं होतं, म्हणजे वर माणसं आणि खाली ते. दुसरं जर्मनीतल्या कलोनहून निघून इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरलं होतं.

तिथे पोलिसांनी ते उघडलं. प्रिंटर. एक्स-रे झाला, कुत्र्यांनी हुंगलं. काही नाही. सोडून द्यायच्या बेतात होते. मग दुबईहून कळलं, की टोनरच्या कार्ट्रिजमध्ये पाहा, पावडरच्या जागी पीईटीएन आहे. पुन्हा पाहिलं, निघालं. नंतर पोलिसांनी सांगितलं, की पहिल्या तपासणीत कार्ट्रिज बाहेर काढताना तो बॉम्ब नकळत निकामी झाला होता, नाहीतर तीनेक तासांनी फुटायचा होता. यंत्र हरलं, कुत्रं हरलं. तारलं ते एका देशाने दिलेल्या नंबराने आणि दुसऱ्याने केलेल्या फोनने.

त्यानंतर आमचं मालखातं बदललं. मोठ्या कुरियर कंपन्या अमेरिकी कस्टमला विमानात माल चढण्याआधीच माहिती द्यायला तयार झाल्या: पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय, वजन किती. आधी ही माहिती विमान उडाल्यावर जायची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण धंद्याच्या कंपनीने आपली गिऱ्हाईकं सरकारला दाखवायची, हे सोपं नसतं. आणि त्यालाही किंमत आहे. यादीतल्या नावासारखं नाव असलेला एखादा गरीब बापडा प्रत्येक विमानतळावर बाजूला काढला जातो. त्याची बाजू ऐकायला काउंटरवर कोणी नसतं. ती व्यवस्था अजून फार लंगडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी दुसरी तक्रार आमच्याच लोकांबद्दल. पोलीस, ब्यूरो, विमानतळ चालवणारी कंपनी, विमान कंपन्या यांच्या बैठका होतात, चहा-बिस्किटं होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. पण रात्रपाळीला बॅग उचलणाऱ्या लोडरला त्यातलं काय कळतं? तो बहुधा ठेकेदाराचा माणूस, आज इथे, उद्या दुसरीकडे. गुप्त माहिती त्याला देता येत नाही, हे मान्य. पण 'आज टोनरचे खोके आले तर मला हाक मार', एवढं तर सांगता येतं. मी माझ्या पाळीला ते सांगायचो. वरिष्ठांना आवडायचं नाही. कितीदा तरी खोका घेऊन पोरं धावत यायची आणि आत खरोखरच टोनर निघायचा. मग सगळे हसायचे. मी त्यांना चहा पाजायचो, पुढच्या वेळी पुन्हा यावं म्हणून.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आहे. शाळेतही त्या अशाच पाहायच्या. लोणच्याबद्दलचे प्रश्न जेवणाच्या रांगेत विचारा.