हात केला तरी गाडी थांबेना

मंडळी, आपल्याकडे हात केला की एस.टी. थांबते. निदान थांबावी, असे आपण म्हणतो! मुंबईसही टॅक्सीला हात करावा, आत बसावे, उतरताना मीटर पाहून पैसे द्यावे, अशी रीत होती.

मुंबईची वाहने सारखी बदलत आली. १८७४ साली तेथे ट्राम निघाली. रुळांवरची ती गाडी घोडे ओढीत. १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली. १९६४ साली ती बंद झाली. २०१४ साली मेट्रो आली. आता मेट्रोचा एक मार्ग जमिनीखालून जातो. वाहने बदलली. आता ती बोलावण्याची रीतही बदलते आहे.

मागे आम्ही शेजाऱ्यांना घेऊन परळला दवाखान्यात गेलो. त्यांच्या पायाला प्लास्टर घातले. निघायला रात्र झाली. ठाण्यास भाचीकडे जायचे होते. आम्ही हात करीत उभे. गाड्या येत, पण थांबत नसत. बहुतेक कोणी ना कोणी फोनवरून बोलावलेल्या. एक टॅक्सीवाला थांबला, त्याने ठाणे म्हणताच मान हलवली. तीस वर्षे शाळेत शिकवले, पण तेथे आम्ही अडाणीच ठरलो! ज्याच्याजवळ फोन नाही, त्याला रस्त्यात उभे ठेवणारी सुधारणा आम्हाला अपुरी वाटते.

शेवटी एका मुलाने आपल्या फोनवरून गाडी बोलावली. कोठे जायचे ते त्याने लिहिले. भाडे आधीच दिसले. ते बरेच होते. पावसात, गर्दीत हे भाडे वाढते, बरं का. मग गाडीचा नंबर आला आणि चार आकडी खूण आली. ती खूण गाडीत बसताना चालकाला सांगायची. बँकेकडून येते ती खूण मात्र कोणालाही सांगायची नाही!

पांढरी गाडी आली. आम्ही दार उघडले. तोच शेजारी ओरडले, "गुरुजी, थांबा! आकडा येगळा हाय."

त्यांनी पाटी वाचली होती. दोन वर्षांमागे ते अंगठा उठवीत. पाटीवरचे आकडे इंग्रजी असतात. तेही ते मोबाइलवरून शिकले होते. ती गाडी दुसऱ्याच कोणाची निघाली. आमची मागून आली.

घरी आल्यावर आम्ही नातीकडून गाडी बोलवायला शिकलो. दोनदा चुकलो. तिने कान धरला नाही, एवढेच.

आज वर्गात आपण इंग्रजी आकडे घेऊ. फळ्यावर पहिली पाटी शेजारीच लिहिणार आहेत.