समुद्र निळा का दिसतो?



बालाघाटाच्या माथ्यावरील या लिंबागणेशात, जेथे वैशाखात घागरभर पाण्यासाठी जीव टांगणीला लागतो, तेथे आम्ही समुद्राची गोष्ट सांगावयास उभे आहोत, याचे आपणांस नवल वाटेल. पण आम्हांस एक जुने देणे फेडावयाचे आहे.

तरुणपणी मुंबईत गोदी कामगारांत काम करीत असता आम्ही रात्रीचा अभ्यासवर्ग चालवीत असू. समुद्र निळा का, असे मालवणकडच्या एका कामगाराने विचारले. शाळा आमची सातवीतच सुटलेली. कोठेसे वाचलेले आम्ही ठोकून दिले, "आकाशाचे प्रतिबिंब, दुसरे काय!" तो म्हणाला, "आमच्या मालवणचा पाणी निळा, हयला मातकट. मगे गोदीवर काय दुसरा आभाळ आसा?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. शंका त्याची बरोबर होती, उत्तर आमचे चूक होते.

या चुकीत थोर माणसेही सापडली आहेत. आकाशाच्या निळाईचे कोडे ज्यांनी उलगडले, त्या लॉर्ड रॅले यांचेही समुद्राविषयी हेच मत होते. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहून त्यांना या मताची शंका आली. त्यांच्यापाशी निकोलचा लोलक होता.

आपल्या भरलेल्या विहिरीकडे लांबून पाहिले तर पाण्यावर आभाळ दिसते. काठावरून सरळ खाली वाकले तर पाण्याच्या आतले दिसते. लोलकाचे काम काहीसे तसेच. पाण्यावरून ठरावीक कोनात परतणारा प्रकाश त्याने अडवता येतो. रामन यांनी आभाळाचे प्रतिबिंब असे अडवले. समुद्र फिका पडावयास हवा होता. तो अधिकच निळा दिसला! म्हणजे निळाई पाण्याच्या पोटातून येत होती. मुंबई बंदरातून, २६ सप्टेंबर या तारखेने, त्यांनी 'नेचर' नियतकालिकास तसे टिपण धाडले.

मग कारण काय? सूर्यप्रकाशात सारे रंग असतात. पाणी त्यांतला तांबडा रंग थोडाथोडा गिळते. बादलीतल्या हातभर पाण्यात हे जाणवत नाही. पण स्वच्छ पाण्यात दहा मीटर खाली तांबडा जवळजवळ उरतच नाही. निळा मात्र खोलवर जातो, आणि पाण्याचे रेणू त्यातला काही भाग उधळून वर परत पाठवतात. रामन यांचा भर या उधळण्यावर होता; आज तांबड्याचे गिळले जाणे हेच मुख्य कारण मानतात. आकाशाचे प्रतिबिंब वरून आपली भर घालते, इतकेच. आणि मुंबईच्या किनाऱ्याशी गाळ फार, म्हणून तेथे निळाई मातीत बुडते. आभाळ एकच, फरक पाण्याचा.

रामन यांनी रॅले यांच्या शब्दावर शंका घेतली, तेव्हा त्यांचे म्हणणे जगाने छापले. आमच्या कामगाराने आमच्या शब्दावर घेतली, तेव्हा आम्ही हसलो. त्याचा पत्ता आज आम्हांपाशी नाही. म्हणून त्याचे उत्तर आपल्या हवाली करीत आहोत. आता आपण शंका विचाराव्यात. आज कोणी हसणार नाही.