करता माणूस गेल्यावर

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या कामकाजाला लागण्याआधी एका माणसाविषयी बोलायचे आहे. आज तो या मंडपात असता तर मागच्या रांगेत, खांबाला टेकून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला असता. त्याने कधी भाषण केले नाही, कधी पद मागितले नाही. सारा गाव त्यांना भाऊ म्हणत असे. आम्हीही भाऊच म्हणू.

2024 सालची दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. दिवस मावळायला भाऊ धुऱ्यावर कापसाचे गाठोडे बांधत होते, ते एकदम खाली बसले. दोन दिवसांपासून छातीत जळजळत होते. वहिनींनी दवाखान्यात चला म्हटले, तर म्हणाले, "पित्त झालं असंन, येवढी येचणी होऊ दे." गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तालुक्याचा दवाखाना 26 किलोमीटर. भाऊ रस्त्यातच गेले. वय 52.

भाऊंची जमीन सात एकर, सगळी कोरडवाहू. साडेचार एकर पऱ्हाटी, तिच्यात तुरीची तासे, आणि उरलेल्या रानात खायला ज्वारी व बैलांना कडबा. सालदार ठेवण्याची ऐपत नव्हती. वखरणी, पेरणी, डवरणी, फवारणी सगळे स्वतः. बोंडे धरली की रात्री रोही आणि डुकरे राखायला मचाणावर. सकाळी पुन्हा डवऱ्यामागे. आम्ही त्यांना दिवसा निजलेले कधी पाहिले नाही.

आणि एवढे करून हा माणूस बाप कसा होता, तेही सांगितले पाहिजे. आपल्यात बापाच्या मायेविषयी बोलण्याची पद्धत नाही. मुलगी तालुक्याला बारावीत शिकत होती. पहाटेची बस फाट्यावर येते. घरापासून फाटा तीन किलोमीटर. रोज अंधारात भाऊ तिला सायकलवर फाट्यावर न्यायचे, बस हलेपर्यंत उभे राहायचे आणि तिथूनच शेतात जायचे. तिच्या परीक्षेचे वेळापत्रक त्यांच्या बंडीच्या खिशात घडी करून ठेवलेले असे. स्वतः चौथी शिकलेला माणूस, पण कोणत्या तारखेला कोणता पेपर हे त्याला पाठ. मुलगा आठवीत. सुट्टीत तो तासातून बापामागे चाले आणि बाप डवरा हाकत त्याच्याकडून पाढे म्हणवून घेई. चुकला तर बैल थांबवीत, रागावत नसत. भाऊ गेल्यावर मुलगी पहिल्यांदा एकटी फाट्यावर गेली, तेव्हा बसवाहकाने विचारले, "आज बाबा नाही आले?" त्या पोरीला उत्तर देता आले नाही.

तेरवी झाल्यावर आम्ही चौघे कार्यकर्ते वहिनींजवळ बसलो. पुढचे कसे करायचे ते पाहू म्हटले. तेव्हा कळले की या घराचा सगळा हिशेब एकाच डोक्यात होता, आणि ते डोके गेले होते. सोसायटीचे कर्ज किती, कृषी केंद्राची उधारी किती, हातउसने कोणाचे, यातले वहिनींना काही ठाऊक नव्हते. एक वही सापडली. तिच्यात आकडे होते, नावे नव्हती. एकजण येऊन म्हणाला, माझे 18,000 येणे आहे. कागद नाही, साक्षीदार नाही. खरे असेलही, पण सांगणार कोण? दुसरा एकजण आपणहून आला आणि 4,000 रुपये वहिनींपुढे ठेवून म्हणाला, "भाऊनं मले बैलासाठी देल्ले होते." तेही वहीत नव्हते. देणेकऱ्यांचा तगादा थांबावा म्हणून घरातला कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्याला विकला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता. वहिनींना तो मिळाला नाही.

मग सातबारा काढला. त्यावर भाऊंचे नावच नव्हते. जमीन अजून भाऊंच्या वडिलांच्या नावावर होती, आणि वडील 2009 साली वारले. दोन भाऊ, दोन बहिणी. भावाभावांत तोंडी वाटणी झाली, दोघे आपापला तुकडा वाहत राहिले, भांडण कधी झाले नाही. भांडण नव्हते म्हणूनच कागदही केला नाही. आता वहिनींना आधी सासऱ्याचे सगळे वारस लावायचे, मग नवऱ्याचे. एक नणंद सुरतेला. दाखले, प्रतिज्ञापत्रे, हेलपाटे. 2025 चा मृग आला तरी नोंद झाली नव्हती. नोंद नाही म्हणून पीककर्ज नाही. वहिनींनी बियाणे उधारीवर आणले आणि बाकीच्या खर्चासाठी गळ्यातली पोत गहाण ठेवली.

अपघात विम्याचे काही मिळेल का, असे गावातल्यांनी विचारले. शेतकऱ्याचा वीज पडून, साप चावून, विजेचा धक्का बसून मृत्यू झाला तर सरकारच्या अपघात अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. छातीत कळ येऊन माणूस गेला तर तो नैसर्गिक मृत्यू. त्याला काही नाही. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख देणारा जीवनज्योती विमा बँकेत मिळतो, वर्षाला 436 रुपये खात्यातून कापले जातात. पण त्यात पन्नाशीच्या आत नाव घालावे लागते. भाऊंनी घातले नव्हते. त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

भावांनो, इथे आम्हाला आमची चूक कबूल करायची आहे.

1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शेतात घरधन्याबरोबर राबणाऱ्या बाईच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा, ही भीक नाही, तिच्या कष्टाचे देणे आहे, असे शरद जोशींनी सांगितले. ज्या गावात शंभर घरांनी असे केले, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. हजारो शेतकऱ्यांनी कोणताही कायदा नसताना ते केले. पुढे 1992 साली सरकारने परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबारावर चढते. आम्ही ही गोष्ट इतक्या सभांतून सांगितली की आम्हाला ती पाठ झाली आहे.

2023 साली भाऊंच्याच अंगणात बैठक होती. आम्ही लक्ष्मीमुक्तीवर बोललो. टाळ्या झाल्या. चहा घेताना आम्ही भाऊंना विचारले, तुमचे केव्हा? ते हसून म्हणाले, "येवढा कापूस निंगू द्या, मंग जातो तलाठ्याकडे." आम्हीही हसलो आणि गाडीला किक मारली. सातबारा कोणाच्या नावावर आहे, एवढे जरी तेव्हा विचारले असते, तरी वहिनींचे एक वर्ष वाचले असते. भाऊ आमच्या प्रत्येक आंदोलनात आले, रस्त्यावर बसले, एकदा आमच्याबरोबर कोठडीतही होते. त्यांच्या घरासाठी एक दिवस काढायला आम्हाला सुचले नाही.

कोणी म्हणेल, भाव मिळाला असता तर हे काहीच झाले नसते. खरे आहे. घामाचे दाम मिळाले असते तर भाऊंना सालदार ठेवता आला असता, छातीत दुखल्यावर वेचणी सोडून दवाखान्यात जाता आले असते. ती लढाई आपण सोडलेली नाही. सरकारच्या उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतात. पण मचाणावरच्या रात्री आणि कर्जाचा घोर कोणत्या रकान्यात बसतो? तो जाब आपण विचारतच राहू. पण भाव मिळेपर्यंत सातबारा थांबवून ठेवावा, असे कोणी सांगितलेले नाही. ते आपल्या हातात आहे.

म्हणून येती वेचणी सुरू होण्याच्या आत चार कामे करायची आहेत.

एक, जमीन मेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर वारस नोंद. वारसाने तीन महिन्यांत खबर द्यावी असा कायदा आहे. वेळ टळली असली तरी आज अर्ज द्यावा. बहिणींचा हक्क आहे, त्यांची नावे गाळू नयेत.

दोन, तोंडी वाटणी असेल तर सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडून ती कागदावर आणावी. भाऊ-भाऊ गोडीत आहेत तोवरच हे सोपे असते.

तीन, नाव स्वतःचे झाले की घरधनिणीचे नाव लावावे. आणि देण्याघेण्याची वही दोघांनी मिळून लिहावी, नावासकट.

चार, छातीत जळजळ, डाव्या हातात कळ, दरदरून घाम, असे झाले तर पित्त म्हणून बसून राहू नये. कापूस एक दिवस झाडावर राहिला तर राहू द्यावा.

वहिनींची नोंद आता झाली आहे. सातबारावर त्यांचे आणि दोन्ही लेकरांचे नाव आले. मुलगी बारावी पास झाली. पहाटे फाट्यावर तिला आता धाकटा भाऊ सोडतो, त्याच सायकलवर.

भाऊंचा फोटो इथे लावलेला नाही, हार घातलेला नाही. आम्ही अकरा कार्यकर्ते या मंचावर आहोत. काल रात्री आपसांत विचारले, तर फक्त तिघांच्या सातबारावर बायकोचे नाव निघाले. आधी आम्ही आमचे करतो. पुढल्या बैठकीला तुम्ही येताना आपापला सातबाराचा उतारा घेऊन यावा. आम्हीही आमचे आणू, आणि बैठक सुरू होण्याआधी इथे समोर मांडू.