ट्रॅक डेला जाताय? आधी पडण्याबद्दल बोलू

वाशीमवरून आपला नवा भाग. मागच्या वेळेपासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: ट्रॅक डेला जायचंय, जॅकेट कोणतं घेऊ?

ट्रॅक डे म्हणजे काय, ते नव्या मंडळींसाठी सांगतो. शर्यत नसते ती. पैसे भरायचे आणि बंद ट्रॅकवर आपली बाईक मनसोक्त चालवायची. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे, कोइंबतूरला कारी आहे. एवढ्या लांब जाणार, तर तयारीनं जा.

जॅकेटचं नंतर पाहू. ट्रॅकवर माणूस पडला की बहुतेकदा घसरत जातो. पुढे मोकळी जागा असते, खडीचा पट्टा असतो. समोरून ट्रक येत नाही, मधे म्हैस नाही. ट्रॅकचं गिअर याच हिशोबानं बनवलेलं असतं.

आता हेल्मेट घ्या. युरोपच्या ईसीई २२.०५ मानकात ते सेकंदाला ७.५ मीटर वेगानं आपटून तपासायचे. म्हणजे ताशी फक्त २७ किलोमीटर! ऐकून वाटतं, अरे, मी तर १२० वर असतो. पण घसरणाऱ्या माणसाचा वेग आडवा असतो. डोकं जमिनीवर आदळतं ते बाईकच्या उंचीवरून. २७ चा वेग म्हणजे जवळजवळ २.९ मीटरवरून पडणं. त्यामुळे पडण्यासाठी ते पुरतं. त्याच १२० वर सरळ खांबाला धडकलात, तर कितीही महाग हेल्मेट असो, त्याच्या हातात काही उरत नाही. नवीन २२.०६ मध्ये चाचण्या वाढवल्यात, पण गणित तेच.

गुडघा-कोपराच्या पॅडचंही तसंच. चाचणीत ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून टाकतात. पॅड सांध्यावरून सरकलं तर ते असून नसल्यासारखं. म्हणून "थोडं मोठं घेतो, आतून स्वेटर घालता येईल" हा आपला घरगुती हिशोब इथे चालत नाही. सूट अंगाला घट्टच हवा.

सूट चामड्याचा, एकसंध, नाहीतर जॅकेट-पँट कमरेभोवती पूर्ण चेननं जोडलेली. अर्धी चेन असली तर घसरताना जॅकेट वर सरकतं आणि पाठ उघडी पडते. साधी जीन्स डांबरावर एक सेकंदही धड टिकत नाही. जुन्या ईएन १३५९५ मानकात गुडघे-कोपरांच्या जागी चामडं किमान ४ सेकंद, वरच्या दर्जात ७ सेकंद टिकायला लागायचं. घसरताना हा फरक लई मोठा असतो.

ग्लोव्ह्जची परीक्षा दुकानातच घ्या. मनगटाचा पट्टा लावा आणि दुसऱ्या हातानं ओढा. निघाला, तर पडतानाही निघेल. बूट घोट्याच्या वर हवा. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. आपल्या खिशाला ती सध्या जड आहे, पण पाठीचं प्रोटेक्टर घ्याच.

पैशाचं बोलू. बऱ्याच ट्रेनिंग स्कूल सूट भाड्यानं देतात. पहिल्यांदा भाड्यानंच घ्या, शिलाई तपासून. हेल्मेट मात्र स्वतःचं, नवं आणि शक्यतो डबल डी-रिंगच्या पट्ट्याचं. जुनं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसतं. आतला थर्माकोल दबलाय का, ते कळत नाही.

आणि काही जण हे सगळं घालून इकडेच अकोला-हिंगोली रस्त्यावर टॉप स्पीड काढतात, त्यांच्याशी माझं स्पष्ट भांडण आहे. तिथं घसरायला मोकळी जागा कुठंय? कडेला बाभळी आहेत, पुलाचे कठडे आहेत, उसाची ट्रॉली आहे. समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच आहे. वर सांगितलेला एकही आकडा त्या धडकेसाठी मोजलेला नाही.

पुढच्या भागात बाईकची तयारी घेऊ: आरसे काढणं, लाइटला टेप, टायरची हवा. चामड्याच्या सूटमध्ये पाणी किती प्यायचं, तेही सांगतो. व्हॉइस नोट पाठवत राहा, राजेहो!