लगाम सैल सोड
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



कार्यकारिणीने मला "काहीतरी वेगळं बोला" असं सांगितलंय. मी पडलो आयटीवाला, खुर्चीत बसून पोट भरणारा. म्हणून आज खोगिरावर काढलेल्या एका दिवसाबद्दल बोलतो.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गर हाइडमध्ये तंबू ठोकून राहिलो होतो. जर्मनी म्हटलं की हिरवीगार कुरणं डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र पायाखाली नुसती वाळू आणि नजर जाईल तिथवर हीदरची जांभळी झुडपं. जुने प्रवासी या भागाला वाळवंटच म्हणायचे.

माझी नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय. तिच्या हट्टापायी दिवसभराची रपेट ठरली. मी ऐटीत म्हटलं, "अगं, २०२३ पासून जे आपलं राज्यगीत आहे ना, त्यात भीमथडीची तट्टं आहेत!" माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर लहानपणी माथेरानला घेतलेला एक फेरा, तोही दोरी घोडेवाल्याच्या हातात.

मला हाफलिंगर जातीचा घोडा मिळाला. तांबूस अंग, पांढरट आयाळ, स्वभावाने गरीब. मांड कशी ठोकायची ते वाटाड्या बाईंनी दाखवलं आणि आम्ही विल्झेडे गावाकडे निघालो. घोड्यांना इथे ठरलेल्या वाटांवरूनच जाता येतं. तासभर बरं चाललं. मग समोरून हाइडश्नुके मेंढ्यांचा मोठा कळप आला. घोडा जरा बिचकला आणि मी लगाम घट्ट ओढला. तो मान झटकायला लागला, मी आणखी ओढला. तो मागे मागे सरकू लागला. बाई ओरडून काहीतरी सांगत होत्या. मी रोज जर्मनमधून मीटिंगा घेतो, पण त्या क्षणी एक अक्षर डोक्यात शिरेना. रिकिबीतला पाय थरथरत होता.

तेवढ्यात पुढून आवाज आला, "बाबा, लगाम सैल सोड! तू ओढतोयस म्हणून तो घाबरलाय."

मी सोडला. घोड्याने मान खाली घातली, एक मोठा फुरकारा टाकला आणि शांत उभा राहिला. मेंढ्या बाजूने निघून गेल्या.

गेलं वर्षभर ही मुलगी माझ्या प्रत्येक प्रश्नाला जर्मनमधून उत्तर देत होती. घरात जर्मन बोललं की पन्नास सेंट दंड, असा मी नियम केला होता. डबा भरत होता आणि ती माझ्याशी कमी कमी बोलत होती.

विल्झेडेत मोटारींना बंदी आहे, घोडागाड्या चालतात. मला माथेरानच आठवलं. तिथे जेवताना बाईंनी सांगितलं की हा माळ नैसर्गिक नाहीच. माणसांनी जंगल तोडलं, मेंढ्या चारल्या, गोठ्यात अंथरायला मातीचे थर खरवडून नेले, तेव्हा तो असा झाला. १९०९ साली स्थापन झालेली फेराइन नातूरशुट्झपार्क ही संस्था इथली जमीन विकत घेऊन तो राखत आली. आजही मेंढ्या बर्च आणि पाइनचे कोंब खातात म्हणून तो मोकळा राहतो. त्यांचं चरणं थांबलं, तर काही वर्षांत पुन्हा जंगल होईल.

परतताना मी लगाम सैलच ठेवला. संध्याकाळी तंबूशी आलो तेव्हा मांड्या अशा भरल्या होत्या की बायकोला हात धरून मला बसवावं लागलं! दोघी पोट धरधरून हसल्या, आणि मराठीत हसल्या म्हणा ना.

घरी आल्यावर दंडाचा नियम रद्द केला. पण मेंढ्यांचं रोजचं चरणं विसरलो नाही. आता रोज रात्री झोपताना अर्धा तास मराठी गोष्ट असते, एक दिवस मी सांगतो, एक दिवस ती. मध्येच जर्मन शब्द येतात. येऊ देतो. डब्यातल्या पैशांतून तिला नवं हेल्मेट घेतलं.

पुढच्या ऑगस्टला कोण कोण येतंय?